दारकरी

डबा अर्धा रिकामा आहे. खिडकीची जागा मोकळी आहे, डोक्यावर पंखा फिरतोय, समोरच्या बाकावर कुणी पाय पसरून पेपर वाचतंय. आणि नाना दारात उभे आहेत.

रोह्याहून सकाळी पनवेलच्या दिशेने निघणाऱ्या गाडीत हे दृश्य मी गेली अठरा वर्षं पाहतोय. नाना रोह्याला चढतात, मी पेणला. गाडी फलाटाला लागताना आधी नानांचा हात दिसतो, मग नाना. "या पेणकर, आत जागा आहे," असं ते रोज सांगतात. जागा आहे हे मलाही दिसत असतं, पण त्यांचा सूर असा की ती त्यांनी माझ्यासाठीच राखून ठेवलीय. स्वतः मात्र बसत नाहीत. एकदा मी विचारलंच. म्हणाले, "बसायला घरी खुर्ची आहे."

वारीला जातो तो वारकरी, गळ्यात माळ घालतो तो माळकरी. नानांना आम्ही दारकरी म्हणतो. मुंबईच्या लोकलमध्येही दारात माणसं उभी असतात, पण त्यांची जात वेगळी. कुणाला हवा हवी असते, कुणाला आत शिरताच येत नाही. जागा मिळाली तर ती बसतील. आमच्या नानांना भर मे महिन्यात सगळा डबा आंदण दिला तरी ते दाराच्या दांड्याला हात लावूनच उभे राहतील.

रूळ रोह्यापर्यंत आले ते १९८६ साली. नाना तेव्हा अठरा वर्षांचे होते. पुढे कोकण रेल्वे झाली, २६ जानेवारी १९९८ रोजी तिचा सगळा मार्ग खुला झाला, आणि ती सुरू होते रोह्यापासून. तेव्हापासून नानांचं म्हणणं असं की रोहा हे कोकणाचं दार आहे. आता दार म्हटल्यावर तिथे कुणीतरी उभं राहायला नको?

हे काम नक्की काय, ते सकाळी नागोठण्याला नाहीतर कासूला बघावं. गाडी थांबायच्या आधीच नानांनी फलाट नजरेखालून घातलेला असतो. भाजीची पाटी घेऊन उभी असलेली बाई त्यांना लांबून दिसते. "ये गो बाय, पाटी आधी दे, तू मागनं ये." पाटी आत, बाई आत, तिची नात आत. मग एका हाताने तिचं पिशवीतून सांडलेलं आळू गोळा करत दुसऱ्या हाताने ते कॉलेजच्या पोरांना आत ढकलतात. थंडीत मडक्यात शेंगा भाजायचा, पोपटीचा मोसम आला की वालाच्या शेंगांची पोती, उन्हाळ्यात अलिबागकडच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा, लग्नसराईत पेणच्या पापडांची खोकी. प्रत्येक वस्तू कशी धरायची हे त्यांना ठाऊक आहे. पापडांचं खोकं आडवं धरलं म्हणून एका नवरदेवाच्या मामाला त्यांनी हमरापूर ते जिते एवढं लांब बोलणं ऐकवलं होतं.

त्यांच्या शर्टाच्या डाव्या बाहीवर, खांद्यापासून कोपरापर्यंत, एक काळपट पट्टा असतो. दाराच्या चौकटीला टेकून टेकून पडलेला. नवा शर्ट असला तरी आठवड्यात पट्टा येतो. वहिनींनी साबण बदलले, सोडा वापरला, शेवटी नाद सोडला. आता दुकानात गेल्या की काळसर रंगाचाच कपडा मागतात.

सगळ्यात बघण्यासारखं म्हणजे धावत येणारा माणूस. गाडी सुटायची वेळ झालेली असते आणि जिन्यावरून कुणीतरी पळत येताना दिसतो. नाना क्षणभर त्याच्याकडे बघतात. क्षणभरच. त्या क्षणात त्यांनी त्याचं वय, त्याची चप्पल, पाठीवरची बॅग आणि त्याची खरी गरज, सगळं जोखलेलं असतं. जो जिवाच्या आकांताने पळतोय त्याच्यासाठी ते गार्डाच्या डब्याकडे रुमाल हलवतात. जो भरभर चालतोय पण पळत नाही, त्याच्याकडे पाठ फिरवतात. "त्याला गाडी नकोय. त्याला उगाच आपण प्रयत्न केल्याचं समाधान पाहिजे."

रुमाल पाहून गाडी खरंच थांबते का? माझ्या मते नाही. गाडी तिच्या वेळेनेच सुटते, कधी अर्धा मिनिट उशिरा सुटते, आणि त्या अर्ध्या मिनिटाचं श्रेय नाना घेतात. रेल्वेने २०२२ साली गार्डाचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं. नानांनी ते मानलेलं नाही. "मॅनेजर बँकेत असतो. हा गार्ड आहे, आणि माझ्या ओळखीचा आहे." दसऱ्याच्या सुमाराला रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सलामी देतात, तो मान फार जुना. गार्डाने हिरवा झेंडा हलवला की नानांच्या चेहऱ्यावर साधारण त्याच तोलाचे भाव असतात.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण मी एकदा तो त्यांना दाखवायला गेलो होतो. रेल्वे कायदा १९८९, कलम १५६. पायरीवर किंवा टपावर उभं राहून प्रवास केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नानांनी चष्मा लावून कलम पूर्ण वाचलं. दोनदा वाचलं. मग बोट ठेवून म्हणाले, "हे बघ काय लिहिलंय. रेल्वेच्या माणसाने ताकीद दिल्यावरही जो ऐकत नाही तो. मला ताकीद कोणी दिलीय?" एकोणचाळीस वर्षांत त्यांना कुणी ताकीद दिलेली नाही, हे खरंच आहे. देणाऱ्याला ते आधी आत घेतात, त्याची पिशवी धरतात आणि जागा दाखवतात. मग कसली ताकीद.

एसटीत मात्र नाना निमूट बसतात. पेणच्या रामवाडीला लाल डब्यात चढले की सरळ आत, मिळेल त्या जागेवर. कारण तिथलं दार कंडक्टरचं. दुसऱ्याच्या हद्दीत जायचं नाही, हा त्यांचा नेम. कंडक्टरने दार धाडकन ओढावं, दोरी दोनदा खेचावी, टिण टिण व्हावं, गाडी हलावी. यात त्यांना एक शिस्त दिसते. मग हवेच्या दाबावर चालणाऱ्या दारांच्या गाड्या आल्या. ड्रायव्हरने बटण दाबलं की फुस्स करून दार लागतं. अशा गाडीत पहिल्यांदा बसले तेव्हा नानांनी कंडक्टरकडे जे पाहिलं, तसं आपण तेराव्याला गेल्यावर घरच्यांकडे पाहतो.

बटणाच्या दाराशी त्यांचं वैर तिथून सुरू झालं. मुंबईत वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ ला धावली, पहिली पश्चिम रेल्वेवर. त्या बातमीतला गारवा नानांना दिसलाच नाही. त्यांनी एवढंच वाचलं की दारं आपोआप बंद होतात. २०२३च्या जूनमध्ये मडगावची वंदे भारत सुरू झाली. ती पेणला थांबत नाही. कधी आमची गाडी बाजूला घेतात आणि ती शेजारून सुळकन निघून जाते. नाना दारात उभे राहून हात हलवतात, गेली कित्येक वर्षं प्रत्येक गाडीला हलवत आलेत. जुन्या एक्स्प्रेसच्या दारातून कुणी ना कुणी हात हलवायचंच. वंदे भारतला दारात कुणी नसतं आणि काचा गडद. "आत माणसं आहेत की नुसतीच तिकिटं बसलीत, कळत नाही," नाना म्हणाले.

त्यांची समजूत काढावी म्हणून मी एकदा त्यांना हेरॉनची गोष्ट सांगितली. अलेक्झांड्रियातला हा गृहस्थ जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी देवळाचं आपोआप उघडणारं दार लिहून गेलाय. वेदीवर अग्नी पेटवायचा. खालची हवा तापून फुगते, भांड्यातलं पाणी ढकलते, पाणी बादलीत पडतं, बादली जड होऊन दोर ओढते आणि दारं उघडतात. अग्नी विझला की उलट होऊन बंद. नानांनी लक्ष देऊन ऐकलं. आपट्यापर्यंत विचार केला. मग म्हणाले, "म्हणजे विस्तव पेटवायला माणूस होताच ना?"

इथवर सगळी गंमत. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ जे झालं त्यात गंमत नव्हती. दोन भरलेल्या लोकल वळणावर शेजारून गेल्या, दारात लटकलेली माणसं रुळांवर पडली, जीव गेले. दिवा आणि मुंब्रा ही आमचीच वाट. आमच्यातले कितीतरी जण दिव्याला गाडी बदलून त्याच लोकलला लोंबकळतात. त्यानंतर रेल्वेने जाहीर केलं की साध्या, वातानुकूलित नसलेल्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवणार. गुदमरायला होऊ नये म्हणून दारांना झडपा, छतावरून हवा आणि डब्यातून डब्यात जायला वाट. हे आधीच व्हायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी नानांसमोर मांडलं. नाना वाद घालतील असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते दारात नव्हते. मी पेणला चढलो तर हात दिसला नाही. आत पाहिलं तर खिडकीशी बसलेले, पाहुण्याच्या घरी बसावं तसे, मांडीवर डबा, गुडघे जवळ घेतलेले. कासूच्या भाजीवालीची पाटी दारात अडकून गाडी सुटेपर्यंत निम्मी बाहेर होती म्हणे. दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी पुन्हा दारात, पण पायरीपासून हातभर आत, चौकटीला पाठ लावून. कॉलेजची पोरं बाहेर झुकली की पूर्वी नुसतं "आत या रे" म्हणायचे. आता कॉलरला धरून आत घेतात. एका पोराने उलट उत्तर दिलं. नाना काही बोलले नाहीत, त्याची कॉलर रसायनीपर्यंत सोडली नाही.

मग आला श्रावण. पेणमध्ये श्रावणात माणसांपेक्षा गणपती जास्त असतात. हमरापूर, जोहे इथल्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही, आणि ज्याचा त्याचा ठाण्या-मुंबईतला नातेवाईक फोन करून सांगतो, "येताना आमची मूर्ती घेऊन ये." नानांची सासुरवाडी पेणची, मेहुणा ठाण्याला. दीड फुटी शाडूची मूर्ती, मुखावर रुमाल, आणि ती पोचवायला नाना. मदतीला मी. खरं तर साक्षीला मी.

दिव्यापर्यंत काही अडलं नाही. दाराशी गणपती असल्यामुळे लोकांनी आपणहून वाट दिली, एका मावशींनी गाडीतच नमस्कार करून पाच रुपये ठेवले, ते नानांनी प्रामाणिकपणे मेहुण्याला दिले. दिव्याला मेहुणा स्वतः आला होता, तिकिटं काढून. "मूर्तीला धक्का नको, म्हणून एसीची काढली." नाना काही म्हणाले नाहीत. देवासाठी माणूस काय काय सोसतो.

गाडी आली, दारं उघडली. मी शिरलो, मेहुणा शिरला, सगळ्यांना आत घालून सवयीप्रमाणे शेवटी नाना शिरले, दोन्ही हातांत गणपती. तेवढ्यात जिन्यावरून हाक आली, "ओ दादा, थांबवा!" एक बाई, कडेवर पोर, हातात पिशवी, जिवाच्या आकांताने पळत येत होत्या. नानांचा तो क्षण. दोन्ही हात गुंतलेले, रुमाल गणपतीच्या मुखावर. दार सरकायला लागलं. नानांनी शांतपणे उजवा पाय पुढे केला.

दार येऊन चपलेला टेकलं आणि थांबलं.

या गाड्यांचं असं असतं की सगळी दारं लागल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. बारा डब्यांची लोकल, आत गारेगार बसलेली शेकडो माणसं, पुढे मोटरमन, मागे गार्ड, त्याच्याही मागे कुठेतरी कोपरला खोळंबलेली दुसरी गाडी, हे सगळं रोह्याच्या बाजारातून घेतलेल्या एका चपलेपाशी येऊन थांबलं. एकोणचाळीस वर्षं रुमाल हलवून जे झालं नव्हतं ते झालं. नानांचा चेहरा मी त्यावेळी पाहिला. गणपतीचा झाकलेला नसता तर दोघांत मला फरक करता आला नसता.

"काका, पाय काढा!" आतून ओरडा झाला.

"बाई येतायत," नाना म्हणाले.

"ऑफिसला उशीर होतोय!"

"त्यांनाही होत असेल."

दारात अडथळा करू नये, अशी घोषणा झाली. नानांनी ती ऐकली, पण ती मराठीत असूनही आपल्याला उद्देशून आहे असं त्यांना वाटलं नाही. बाई पोचल्या. पोर आत, पिशवी आत, बाई आत. नानांनी पाय काढला. दार लागलं, गाडी सुटली. बाईंनी दोन श्वास घेतले, पदराने तोंड पुसलं, गणपतीला नमस्कार केला आणि विचारलं, "ही कल्याणला थांबते ना?"

गाडी ठाण्याकडे निघाली होती.

आमच्या गाडीत असं झालं असतं तर नानांनी "उतर गो बाय, उतर उतर" म्हणून त्यांना हात धरून तिथल्या तिथे खाली घेतलं असतं. इथे नाना दाराच्या काचेकडे बघत राहिले. गणपती मेहुण्याकडे देऊन दार ढकलून पाहिलं. मूठ करून दोन टकटक मारल्या, शेजाऱ्याच्या दारावर मारतात तशा. मुंब्र्यापर्यंत कुणी काही बोललं नाही. मुंब्र्याला बाई उतरल्या, उतरताना म्हणाल्या, "जाऊ दे दादा, बाप्पाबरोबर एक स्टेशन प्रवास झाला." नाना मात्र ठाण्यापर्यंत खाली मान घालून होते. मेहुण्याकडे चहाही अर्धाच घेतला.

परतीच्या गाडीत, निळज्याच्या आसपास, ते एकदम म्हणाले, "दार वाईट नाही. पाय दिला की थांबतं बिचारं. पण बाई चुकीच्या गाडीत चढतेय हे त्याला कळायला पाहिजे होतं." मी म्हटलं, नाना, ते तुम्हालाही कळलं नाही. ते म्हणाले, "माझ्या हातात गणपती होता. त्याच्या हातात काय होतं?"

पुढे ऑक्टोबरात आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली, तेव्हा भाच्याने त्यांना ती दाखवायला नेलं. तिथे गाडीला दार आणि फलाटालाही काचेचं दार, समोरासमोर, दोन्ही एकदम उघडतात. रुळावर वाकून बघायची सोयच नाही, म्हणून पडायचीही नाही. नानांना हे पटलं. फक्त, दारं उघडल्यावर त्यांनी भरदार आवाजात "आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या!" म्हटलं आणि सगळा फलाट वळून बघायला लागला. सगळे आधीच ओळीत उभे होते. भाचा अजून ती गोष्ट सांगतो.

मला विचाराल तर नाना आणि ते दार यांच्यात खरं भांडण वेळापत्रकाचं आहे. मेट्रोचं दार कुणाच्या तोंडावर लागलं तर तो माणूस मोबाईल बघत उभा राहतो, थोड्या मिनिटांत पुढची गाडी येते. आमच्या दिवा-रोहा मार्गावर दिवसाच्या फेऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या. सकाळची चुकली तर कासूच्या बाईची भाजी दुपारी पनवेलला कोण घेणार? आळू दुपारपर्यंत माना टाकतं. त्या बाईसाठी कुणीतरी दारात पाय द्यायला हवाच. गाड्या वाढवा, म्हणजे नानांना बसवता येईल. उलट केलं, म्हणजे आधी दार बसवलं आणि फेऱ्या तेवढ्याच ठेवल्या, तर पाटी फलाटावर राहील. हे मी नानांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच माझ्याशी सहमत झाले आणि म्हणाले, "लिही की मग हे कुठेतरी." म्हणून लिहिलं.

नानांच्या निवृत्तीला आता थोडेच महिने उरलेत. त्यानंतर काय, असं विचारलं तर म्हणतात, "नोकरी संपेल, पास थोडाच संपेल?" वहिनींनी हे ऐकलंय की नाही, माहीत नाही.

तुम्ही कधी रोह्याकडे निघालात तर एवढंच करा. नागोठणं गेलं की निडी येतं, मग रोहा. दारात डाव्या बाहीवर काळा पट्टा असलेले एक गृहस्थ विचारतील, "रोहा का?" निडीला उतरायचं असेल तर तेव्हाच सांगा. गप्प राहिलात तर ते तुम्हाला रोह्याचे धरतील, निडीला वाट देणार नाहीत, आणि रोह्याला तुमची पिशवी तुमच्या आधी फलाटावर उतरलेली असेल.